फूल अबकारीचं, लाकूड जंगलखात्याचं. मग बी कुणाची?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी मोहाच्या बिया लॅबच्या फ्रीजमध्ये ठेवल्या आणि मारून टाकल्या. सुरुवात इथूनच करते, कारण माझा आजचा विषय त्या फ्रीजमधून निघाला.

झालं असं. माझं पहिलं प्रपोजल इतिहासाचं नव्हतंच. डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या जुन्या मोहाच्या झाडांच्या बिया गोळा करायच्या, वाळवायच्या, थंड जागी साठवायच्या, म्हणजे झाडं उद्या गेली तरी बी हाताशी राहील, असा सरळ हिशेब होता. जून महिन्यात तलासरीकडच्या एका पाड्यावर गेले, पिशवीभर बिया आणल्या, धुतल्या, पंख्याखाली छान कोरड्या केल्या, पाकिटांवर तारीख-जागा लिहिली आणि फ्रीजमध्ये ठेवल्या. दिवाळीनंतर पेरल्या. एकही उगवली नाही.

मी पुन्हा पाड्यावर गेले तेव्हा ज्या आजींच्या बांधावरचं ते झाड होतं त्यांना सांगितलं. त्या हसल्या नाहीत, पण त्यांना नवलही वाटलं नाही. म्हणाल्या, "मोहाची बी ठेवायची नसते पोरी. पहिल्या पावसात मातीत गेली तर गेली, नाहीतर घाण्यात."

हे एक वाक्य मला आधी कळलं असतं तर सहा महिने वाचले असते. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न नंतर पडला. आजींना जे ठाऊक होतं ते मी वाचलेल्या सरकारी कागदांत कुठे होतं? मोहाबद्दल दीडशे वर्षांचे कागद आहेत. कायदे आहेत, अहवाल आहेत. मग त्यात बी का नाही? माझा प्रबंध आता या प्रश्नावर आहे, आणि हा लेख त्याची ओळख.

बेटावरचं झाड आणि बांधावरचं झाड

फ्रीजची कल्पना मला सुचली ती हवाई बेटांवरच्या ओहिआ या झाडामुळे. ओहिआ हे तिथलं मूळचं झाड; जगात दुसरीकडे कुठे नैसर्गिकरीत्या वाढत नाही. तिथल्या जंगलाचा कणाच म्हणा ना. २०१० च्या आसपास तिथल्या सर्वांत मोठ्या बेटावर ही झाडं भराभर वाळायला लागली. कारण निघालं एक बुरशी. तेव्हा संशोधकांनी, वनखात्याने आणि स्वयंसेवकांनी बेटाबेटांवरून बिया गोळा करायला सुरुवात केली. ओहिआची बी केसासारखी बारीक, वाऱ्यावर उडणारी. ती वाळवता येते, थंडीत ठेवता येते, आणि वर्षांनंतर पेरली तरी उगवते. रोग आटोक्यात येईपर्यंत झाडाला तिजोरीत थांबवून ठेवण्याची ती सोय आहे.

वाचून मी भारावले. आपल्याकडेही हे करूया! पण मी एक गोष्ट तपासली नाही. सगळ्या बिया तिजोरीत राहणाऱ्या नसतात.

१९७३ मध्ये ई. एच. रॉबर्ट्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने बियांचे दोन गट मांडले. पहिल्या गटातल्या बिया वाळवल्या आणि थंड केल्या की त्यांचं आयुष्य वाढतं. भात, गहू, नाचणी, खैर या बिया अशा. हॅरिंग्टन नावाच्या संशोधकाचा एक प्रसिद्ध ठोकताळा आहे: बीतला ओलावा एक टक्क्याने कमी केला किंवा साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरवलं, की बीचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. दिल्लीतली राष्ट्रीय जनुकपेढी किंवा २००८ मध्ये उघडलेली नॉर्वेतली स्वालबार्डची तिजोरी, दोन्हीकडे उणे १८ अंश सेल्सिअसला बिया ठेवतात ते याच आधारावर.

दुसऱ्या गटातल्या बिया हट्टी. वाळवल्या की मरतात. फणस, आंबा, रबर या गटातले. १९९० मध्ये यांच्यामध्ये एक तिसरा गटही मांडला गेला: थोडं वाळणं सोसणाऱ्या पण पूर्ण वाळणं आणि थंडी न सोसणाऱ्या बियांचा. कॉफी त्यातली. मोहाची बी तेलाने भरलेली आणि ओलाव्यावर जगणारी. झाडावरून पडल्यावर काही आठवड्यांतच तिची उगवण्याची ताकद संपते.

झाडाच्या बाजूने विचार केला तर यात काही विचित्र नाही. मोहाला फुलं येतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर, पानं झडलेली असताना. फळं पिकतात मे-जूनच्या सुमाराला, पाऊस दारात असताना. बी खाली पडते आणि लगेच ओली माती मिळते. मग वर्षभर झोपून राहायची सवय तिने का लावून घ्यावी?

इथे संशोधनाला लागणाऱ्या मित्रमैत्रिणींसाठी एक कबुली. माझ्या फ्रीजच्या प्रयोगातून काहीच सिद्ध होत नाही. बिया वाळल्यामुळे मेल्या की थंडीमुळे, की नुसत्या जुन्या झाल्यामुळे, हे मला सांगता येत नाही. कारण मी तिन्ही गोष्टी एकदम केल्या आणि ताज्या बियांचा एक वाटा तुलनेसाठी लगेच पेरलाही नव्हता. फसलेल्या प्रयोगातून शिकायचं असेल तर तो प्रयोगही नीट मांडलेला असावा लागतो. माझा नव्हता.

फुलाचा कागद

मग मी कागदांकडे वळले. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. पहिल्या आठवड्यात मला तिथे मोहाबद्दल काहीच सापडलं नाही. कारण मी 'महुआ' शोधत होते. त्या काळचे इंग्रज अधिकारी या झाडाला 'म्हौरा' किंवा 'मौरा' लिहीत, आणि वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत ते 'बासिया लॅटिफोलिया' होतं. आजचं 'मधुका' हे नाव नंतर रूढ झालं. जागांचंही तसंच. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ चा. त्याआधीचं सगळं ठाण्यात शोधायचं. तलासरीचे जुने संदर्भ उंबरगावच्या नावाखाली असतात, आणि उंबरगाव १९६० मध्ये गुजरातेत गेलं. म्हणजे एका झाडासाठी दोन राज्यं आणि चार स्पेलिंगं. अर्काइव्हमध्ये जायच्या आधी अशी नावांची यादी वहीत लिहून न्या, माझं ऐका.

नावं बदलल्यावर जे सापडायला लागलं ते जवळजवळ सगळं फुलाबद्दल होतं.

मोहाचं फूल म्हणजे गर असलेली गोड पाकळी. रात्री उमलते, पहाटे गळून पडते. वारली, कातकरी, कोकणा घरांत ती वाळवून ठेवत, भाकरीत घालत, शिजवून खात, आणि तिची दारूही गाळत. लग्नात, मर्तिकात, देवाच्या कामात ती दारू लागे. हे सगळं घरचं होतं. बाजाराचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता.

१८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला तेव्हा हे बदललं. सरकारला दारूवरचा कर नीट वसूल करायचा होता, आणि घरोघरी गाळलेल्या दारूवर कर कसा बसवणार? म्हणून गाळप मोठ्या भट्ट्यांकडे न्यायचं धोरण ठरलं. मुंबई-ठाण्याला दारू पुरवणाऱ्या भट्ट्या उरणला होत्या, आणि त्यांना लागणारी मोहफुलं पंचमहालासारख्या लांबच्या भागातून यायची. पण डहाणूच्या जंगलात जोवर फुकटची फुलं पडत होती तोवर घरची भट्टी बंद होणार नव्हती. यावर सरकारने जो उपाय काढला तो १८९२ चा मोह कायदा. ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांसाठी केलेला. दारू गाळणं आधीच गुन्हा होता; आता परवान्याशिवाय फूल गोळा करणं, बाळगणं, विकणं यावरच बंधनं आली.

क्षणभर थांबून याचा अर्थ लक्षात घ्या. अंगणात झाडावरून पडलेलं फूल उचलून टोपलीत टाकलं की माणूस कायद्याच्या कचाट्यात. ते फूल खायला उचललंय की गाळायला, हे पोलीस ठरवणार. ज्या महिन्यांत घरात धान्य संपत आलेलं असतं त्याच महिन्यांत हे फूल पडतं, हा भाग कायद्याच्या हिशेबात नव्हता.

तरी याची गोष्ट 'भोळे आदिवासी आणि दुष्ट सरकार' एवढी सोपी करू नका. दारूने आदिवासी समाजाचं नुकसानही झालं, आणि हे त्या समाजानेच ओळखलं होतं. १९२२ च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांमध्ये सुरू झालेली देवीची लाट डोंगरपट्ट्यातून दक्षिण गुजरातेपर्यंत पसरली, आणि वाटेत तिने दारू सोडा, अंग स्वच्छ ठेवा, सावकार-कलालाच्या दारात जाऊ नका असं सांगितलं. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. मिळालं तर जरूर वाचा. दारू सोडायचा निर्णय स्वतः घेणं आणि फूल बाळगल्याबद्दल पकडलं जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि मोहफुलांवरचं नियंत्रण त्यातही कायम राहिलं. महाराष्ट्र सरकारने फुलं गोळा करण्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध शिथिल केले ते २०२१ मध्ये. १८९२ ते २०२१: एका पाकळीवर सव्वाशेहून जास्त वर्षं पहारा.

लाकडाचा कागद

दुसरा ढीग जंगलखात्याचा. इथे मोह दिसतो, पण कोपऱ्यात. मधोमध साग आहे.

सागाची आणि बियांची गोष्ट भारतात फार जुनी आहे. १८४० च्या दशकात मलबारचे कलेक्टर कोनोली यांनी नीलंबूरला सागाची लागवड सुरू केली. जहाजांना लाकूड हवं होतं आणि जंगलातला साग संपत चालला होता. पण बी काही केल्या उगवेना. सागाच्या फळाचं कवच दगडासारखं. चातू मेनन या स्थानिक अधिकाऱ्याने खटपट करून ती अडचण सोडवली आणि लागवड उभी राहिली. बी भिजवायची कशी, वाळवायची किती वेळा, कधी पेरायची, याचे कागद सागाला त्या काळापासून आहेत. कारण सागाच्या लाकडाला आरमार गिऱ्हाईक होतं.

म्हणजे बीकडे लक्ष देता येत नव्हतं असं नाही. लक्ष कुणाच्या बीकडे द्यायचं, हे गिऱ्हाइकावर ठरत होतं.

ठाणे जिल्ह्यात १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या आणि लोकांच्या वापराच्या जमिनी राखीव जंगलात गेल्या. तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला; त्याचा अहवाल १८८७ चा. ठाणे-कुलाब्यातल्या तक्रारींचा मोठा विषय होता राब. भाताच्या रोपासाठी जमीन भाजायची तर झाडांच्या फांद्या छाटाव्या लागतात. खातं म्हणत होतं छाटणीने झाड मरतं. शेतकरी म्हणत होता राबाशिवाय रोप धरत नाही. हा अहवाल वाचताना गंमत अशी वाटते की दोन्ही बाजू 'झाड' म्हणतात तेव्हा फांदी आणि खोड याबद्दलच बोलत असतात. झाडाचं पोर कुठून येणार, हा प्रश्न जवळपास गैरहजर.

पुढे १९२१ मध्ये आर. एस. ट्रूप यांचा भारतीय झाडांच्या जोपासनेवरचा तीन खंडांचा ग्रंथ आला. त्यात झाडागणिक बी, उगवण, रोप यांची माहिती आहे, मोहाचीही. म्हणजे शास्त्र तिथवर पोचलं होतं. शास्त्राकडे माहिती असणं आणि एखाद्या तालुक्यात त्या माहितीप्रमाणे काम होणं, या दोहोंमधली जागा हीच इतिहासाची जागा.

स्वतंत्र महाराष्ट्रात १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत साग, आंबा, खैर, ऐन, जांभूळ यांच्याबरोबर मोह आहे. स्वतःच्या शेतातला मोह तोडायलाही परवानगी लागते. चांगलंच आहे. पण हा कायदा उभं झाड राखतो. दोन पानांचं रोप गुरांनी खाल्लं, किंवा फुलं वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळताना करपलं, तर कायद्याच्या दृष्टीने काही घडलेलंच नसतं.

बीचा कागद नाही, पण वेळापत्रक आहे

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, जी मला फार उशिरा कळली. मोहाचं फूल वेचल्याने बी कमी होत नाही. गळून पडते ती पाकळी. फळ धरणारा भाग झाडावरच राहतो. म्हणजे फुलाचं पीक आणि बीचं पीक ही एकाच झाडाची दोन वेगळी पिकं आहेत, अडीच-तीन महिन्यांच्या अंतराने येणारी. मोहाच्या बीत साधारण एकतृतीयांश ते निम्मं तेल असतं. ते खायला, दिव्याला, अंगाला लावायला वापरत. बिया वेचायचं, फोडायचं, वाळवायचं काम मुख्यतः बायकांचं आणि मुलांचं.

घरच्या तेलावर अबकारी नव्हती. जहाजाला तेल नको होतं. म्हणून बीचा वेगळा कागद झाला नाही. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरसारख्या ग्रंथात बियांपासून तेल निघतं एवढा उल्लेख येतो, आणि गाडी पुन्हा फुलाकडे वळते.

मग इतिहास लिहायचा कसा? मी दुसरा रस्ता धरला: बीचं वेळापत्रक. बी पडते पहिल्या पावसाच्या आगेमागे. तिला पेरायचं तर तेच काही आठवडे. त्या आठवड्यांत डहाणू-तलासरीतला माणूस काय करत होता?

याचं उत्तर मात्र भरपूर कागदांत आहे. तो वेठीवर होता. सावकाराच्या शेतात आधी नांगरणी, आधी लावणी. स्वतःचं भात मागे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघं आयुष्यभर राबायचे, त्यांना लग्नगडी म्हणत. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० मध्ये आलं आणि त्याला साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. ते तुम्ही वाचलं असेल किंवा निदान नाव ऐकलं असेल. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला झालेल्या किसान सभेच्या परिषदेला इथून वारली गेले. २३ मे १९४५ ला झरीच्या सभेत वेठ बंद करायचं ठरलं. १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले.

आता ती तारीख पुन्हा बघा: २३ मे. पावसाच्या तोंडावर. झरीत ठरलेली गोष्ट मजुरीची होती, पण ती पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यांच्या मालकीचीही होती. पेरणीच्या दिवसांत माझे हात माझे आहेत की मालकाचे?

यातून मी जे मांडते ते अनुमान आहे, आणि ते अनुमान म्हणूनच वाचा. ज्यांच्याकडे ते काही आठवडे स्वतःचे नव्हते, ज्यांचा बांध स्वतःचा नव्हता, त्यांनी बऱ्याच वर्षांनी फुलणारं झाड लावावं अशी अपेक्षा करता येत नाही. कूळकायद्याचा कृषकदिन, १ एप्रिल १९५७, येईपर्यंत कसणाऱ्याच्या नावावर जमीन नाही, आणि जंगलजमिनीवरचा हक्क तर २००६ च्या वनहक्क कायद्यापर्यंत रखडलेला. बांधावर आज जे जाडजूड मोह दिसतात ते लोकांनी तोडले नाहीत म्हणून उरले. त्यांच्या मागची पिढी मात्र विरळ आहे, आणि त्यामागे गुरं आणि आग यांच्याइतकाच हा जमिनीचा इतिहास असावा असं मला वाटतं. हे सिद्ध करायला मला झाडांची वयं आणि सातबाऱ्याचे फेरफार एकमेकांशेजारी ठेवून बघावे लागतील. तेच काम आता चालू आहे.

तेलबी म्हणून बीची सरकारदरबारी नोंद झाली ती अलीकडे. २०१३-१४ मध्ये केंद्राने गौण वनोपजासाठी किमान आधारभूत किंमत योजना आणली, त्यात पहिल्याच यादीत मोहाची बी होती. भाव मिळाला, हे चांगलं. पण एक वाकडा परिणामही संभवतो: सगळी बी वेचली जाण्याचा. घाण्यात गेलेली बी उगवत नाही.

बँक म्हणजे काय, याचा पुन्हा विचार

डहाणूला गेलात तर चिकूच्या बागा दिसतील. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकनही आहे. चिकू हे परदेशी झाड, अमेरिकेच्या उष्ण भागातलं. पण मोहाच्याच कुळातलं. पान तोडून बघा, दोघांनाही पांढरा चीक. याच कुळातलं आपलं इथलं झाड म्हणजे खिरणी, आणि चिकूची कलमं बांधतात ती या खिरणीच्या रोपावर. वर दिसतो पाहुणा, खाली मूळ इथलं. बागायतदाराने खिरणीच्या बीची सोय लावली, कारण त्यामागे कलम होतं आणि कलमामागे बाजार. म्हणजे इथल्या रानझाडाच्या बीची निगा या तालुक्याला जमतच नाही असं म्हणायला जागा नाही.

शेजारच्या जव्हारमध्ये बाएफ या संस्थेने गावकऱ्यांबरोबर भाताच्या गावरान वाणांची बीज बँक उभी केली आहे. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पाला मंजुरी दिली. भाताला बँक जमते, कारण भाताची बी वाळवून ठेवता येते आणि दर पावसाळ्यात पेरून ताजी करता येते. मोहासाठी बँकेचा अर्थ बदलावा लागतो. इथे ठेव जमिनीतच ठेवायची.

प्रत्यक्षात काम असं दिसतं. आधी मातृवृक्ष निवडून खुणा करायच्या. बी जमवणाऱ्या संस्थांचा सर्वसाधारण नियम आहे की वैविध्य टिकवायचं तर एकाच झाडाची पोतंभर बी घेण्यापेक्षा पन्नासेक झाडांची थोडी थोडी घ्यावी, आणि त्या दिवशी पिकलेल्या बीपैकी पाचव्या हिश्श्याहून जास्त उचलू नये. बाकीची वटवाघळांना, गुरांना, मातीला आणि अर्थात घाण्याला. मग ती बी वाळवायची नाही, फ्रीजमध्ये घालायची नाही; दमट ठेवून थोड्याच दिवसांत पिशवीत किंवा थेट बांधावर पेरायची. मोहाचं मूळ सरळ खोल जातं, म्हणून रोप पिशवीत फार दिवस अडकवून ठेवलं तर मूळ वळतं आणि झाड पुढे कुरकुरतं. बीचा गर्भ काढून द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना, गोठवण्याची तंत्रं हट्टी बियांसाठी आहेत. पण ती दिल्लीसारख्या ठिकाणच्या मोठ्या प्रयोगशाळांची कामं, पाड्यावरची नाहीत.

मराठीत 'बेट' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. समुद्रातलं बेट, आणि बांबूचं बेट म्हणतो तसा झाडांचा पुंजका. डहाणू-तलासरीतला मोह आता दोन्ही अर्थांच्या मधे उभा आहे. एका बाजूला महामार्ग, दुसरीकडे नव्या रेल्वेचे खांब, मधे बागा आणि कारखाने, आणि बांधावर एकेकटं झाड. एकटं झाड म्हणजे समुद्रातलं बेट. परागकण आणणारी वटवाघळं यायची थांबली की फूल पडेल, दारूही गाळता येईल, पण बी सकस धरेल याची खात्री नाही. त्याचं पुन्हा दुसऱ्या अर्थाचं बेट करायचं असेल तर शेजारी पोरं हवीत.

जाता जाता, संशोधनाला लागणाऱ्यांसाठी

मला कुणी विचारतं की प्रपोजल फसलं तेव्हा वाईट वाटलं का. वाटलं. गाइडसमोर ती रिकामी कुंड्यांची ओळ दाखवताना तर फारच. पण आता वाटतं की प्रश्न चुकीच्या खात्यात जमा झाला होता. मी विचारत होते, 'बी कशी टिकवायची?' विचारायला हवं होतं, 'आजवर ती कुणी टिकवली, आणि त्यांना काय नडलं?' पहिला प्रश्न फ्रीजकडे नेतो, दुसरा पाड्यावर.

अर्काइव्हबद्दल एवढंच सांगेन की सरकार ज्यावर कर लावतं, ज्याचा लिलाव करतं किंवा ज्याला घाबरतं, त्याचा कागद होतो. फुलाची भीती होती, लाकडाचा लिलाव होता. बीचं यातलं काहीच नव्हतं. तेव्हा तुमच्या विषयात जे कागदावर नाही, ते नव्हतंच असं धरून चालू नका. त्याचं वेळापत्रक शोधा, ते काम कुणाच्या हातांनी होत होतं ते शोधा.

आणि अजून एक. आजींचं ते वाक्य माझ्या प्रबंधात येणार आहे. ते 'स्थानिक समजूत' म्हणून टाकायचं की रॉबर्ट्सच्या १९७३ च्या मांडणीशेजारी ज्ञान म्हणून ठेवायचं, हा निर्णय माझ्या हातात आहे. तुमच्याही हातात असे निर्णय येतील. ज्यांचं बोलणं तुम्ही घेता त्यांना आधी विचारा, नाव लावायचं की नाही ते त्यांनाच ठरवू द्या. आजी म्हणाल्या, नाव नको, बी लाव.

गेल्या जूनमध्ये त्यांच्याच झाडाच्या बिया उचलल्या आणि त्याच आठवड्यात त्यांच्याच बांधावर पेरल्या, काट्यांचं कुंपण करून. उगवल्यात. किती जगतील ते दोन-चार उन्हाळे गेल्यावर कळेल. प्रबंध तोवर जमा झालेला असेल. रोपांना पाणी घालायला मात्र मी जाणार आहे.